हात बरा होईपर्यंत

माझ्या चुलतभावाचा उजवा हात मी मोडला. फावड्याच्या दांड्याने, मनगटावर, एकाच फटक्यात. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्या केळींना पाणी देताना दिसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय प्रेमळ माणूस आहे. मी तसा नाही. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. बारा वर्षं तुंबलेलं काहीतरी एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी मी फावडं टाकून दिलं हेही खरं, पण आधी बरं वाटलं होतं, आणि ते मला पुसता येत नाही.

आमच्या गावात, वटारला, आमच्या दोन घरांच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत आणि मध्ये बावखल आहे. बावखल म्हणजे बांधलेली विहीर नव्हे. रुंद तोंडाचं, उतरत्या काठांचं, झऱ्यांवर भरणारं तळंच ते. आजोबांनी दोन मुलांत जमीन वाटली तेव्हा बावखल काही कापता येईना, म्हणून त्यांनी दिवस वाटले. विषम तारखेला थोरल्याने वाडी शिंपायची, सम तारखेला धाकट्याने. थोरला म्हणजे चुलतभावाचा बाप, धाकटा म्हणजे माझा. आणि एकतीस तारीख कोणाचीच नाही. एकतीस झाली की दुसऱ्या दिवशी एक, दोन्ही विषम, म्हणजे थोरल्याला लागोपाठ दोन दिवस पाणी मिळणार आणि धाकटा कुरकुरणार, हे म्हाताऱ्याने आधीच ओळखलं होतं. म्हणून एकतीस तारखेला बावखलाने विसावा घ्यायचा. झऱ्यांनी भरायचं, पाखरांनी प्यायचं, माणसांनी लांब राहायचं.

म्हाताऱ्याला वाटलं, भांडण मिटलं. त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या बापाने थोरल्याचे पुढचे दोन दात रहाटाच्या डब्याने पाडले. थोरल्याने आमची पेंढ्याची उडवी पेटवली. आमचा बाप घरी येऊन तोच राग चिंचेच्या फोकाने आमच्या पाठीवर काढायचा, आणि रविवारी दोघेही भाऊ पांढरे सदरे घालून चर्चमध्ये मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला, हजर. देवळात उजवीकडे एक, डावीकडे एक. मी लहानपणी समजत होतो की देवळाला दोन बाजू याचसाठी असतात.

आम्ही दोघांनी त्यांच्या जागा घेतल्या. माझ्यापेक्षा चुलतभाऊ दोन वर्षांनी मोठा. मी वीस वर्षं सातिवलीला कारखान्याच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर काम केलं, तेव्हा तो वाडीतच राहिला. म्हणून वाडी त्याची आणि मी उपरा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माणूस तोंडाने आणि हातानेही वाईट. माझी कोंबडी त्याच्या वाफ्यात शिरली की मान मुरगळून बांधावर ठेवून द्यायचा. दर पावसाळ्यात बांध वीतभर माझ्याकडे सरकायचा. माझ्या बायकोला तो एकदा रस्त्यात असं काही बोलला की ती आठ दिवस त्या रस्त्याने गेली नाही. मीही काही कमी नव्हतो. त्याची मोटर मी रॉकेल ओतून बिघडवली होती, ते त्याला कधी कळलं नाही. बारा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मिस्सात शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की मी मुद्दाम मागे वळून मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना हात जोडायचो.

त्याची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्याच्यासारखी राजेळी केळी गावात कोणाची नव्हती. दोनशे झाडं. प्रत्येकाचं आळं ताटासारखं कोरलेलं. आता राजेळी कोण लावतो, वेळ लागतो, मेहनत लागते. हा माणूस लावायचा, पिकवायचा आणि उन्हात वाळवून सुकेळी करायचा, तेही बापाने केली तशीच, केळीच्याच सोपटात बांधून. त्याच्या अंगणात सुकेळी वाळत असली की वास आमच्या घरात यायचा. आमच्या घरात त्या वासाबद्दल कोणी बोलायचं नाही.

मार्चच्या एकतीस तारखेला सकाळी मी बांधावर गेलो तर त्याची मोटर चालू. पाट भरून वाहत होता. बावखलाचं पाणी त्या वर्षी आधीच तळाला गेलेलं. मी म्हटलं, आज एकतीस आहे, बंद कर. तो केळीच्या आळ्यात उभा होता. मान वर न करता म्हणाला, "एकतीस विषम हाय. विषम माजी."

आजोबांनी घालून दिलेलं आमच्या दोघांच्या बापांनी दात पाडताना, उडवी पेटवतानाही मोडलं नव्हतं. मी मोटरीकडे निघालो. तो धावत आला, माझी मानगूट धरली, मला पाटात आडवा केला आणि तोंड चिखलात दाबलं. नाकात चिखल गेला. मला वाटलं, हा मला मारून टाकतोय, आणि खरंच टाकत होता की नाही ते मला आजही माहीत नाही. हाताला फावडं लागलं. मी उठलो. त्याने थांबवायला हात पुढे केला होता, मारायला नाही. ते मी पाहिलं आणि तरीही हाणलं.

दवाखान्यात त्याने सांगितलं की बावखलाच्या काठावरून पाय घसरला. गावात कोणाचाही यावर विश्वास बसला नाही. ही दया नव्हती. धाकट्या घराने आपला हात मोडला हे कागदावर लिहून द्यायला त्याची जीभ वळेना, एवढंच. मनगटाचं हाड दोन ठिकाणी तुटलं होतं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण जवळ आला होता. सणाआधी कुमसाराला जायचं, पापं सांगून मोकळं व्हायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय. मीही गेलो. जाळीमागे नवे तरुण फादर होते. नेहमीची पापं सांगितली, शिव्या, मिस्सा चुकवली वगैरे, आणि शेवटी घाईघाईने म्हटलं की एका माणसाचा हात मोडला. मला वाटलं होतं, फार तर पन्नास वेळा नमो मरियाची प्रार्थना म्हणायला लागेल.

फादरने विचारलं, कोणता हात. मी म्हटलं, उजवा. काम काय करतो तो. मी म्हटलं, वाडी. 

"मग तो हात बरा होईपर्यंत त्या हाताचं काम तुम्ही करा, काका," फादर म्हणाले. "त्याची वाडी शिंपा. हेच प्रायश्चित्त."

मी गुडघ्यांवरच होतो, पण उठून बसल्यासारखा झालो. म्हटलं, फादर, दुसरं काहीही द्या. अनवाणी चालायला सांगा, महिनाभर मासळी सोडतो. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काडीचंही प्रेम नाही.

"प्रेम करायला सांगितलं नाहीये," ते म्हणाले. "शिंपायला सांगितलंय."

बाहेर आलो तो भडकूनच. कालचं पोर, त्याला वाडीतलं काय कळतं. पण कुमसारात मिळालेलं प्रायश्चित्त टाळायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे माणूस भावाला मारतो, पण प्रायश्चित्त चुकवत नाही. हा मूर्खपणा आहे की श्रद्धा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पुढची विषम तारीख आली. पहाट उलटल्यावर मी बांध ओलांडला. त्याचं वाईट करायला नव्हे, असं बारा वर्षांत पहिल्यांदा. खोपीत जाऊन त्याची मोटर चालू केली आणि पाटाला पाणी सोडलं. तिसऱ्या आळ्यापर्यंत पाणी पोचलं असेल, तेवढ्यात तो घरातून आला. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टर, डाव्या हातात कोयता. त्याला वाटलं, हात मोडलेला पाहून मी वाडी बळकवायला आलो. दुसरं काय वाटणार. मी तोंड उघडायच्या आत त्याने कोयता फेकला. डाव्या हाताचा नेम, म्हणून वाचलो. पोटरी उघडली. पाटातलं पाणी लाल होऊन पुढच्या केळीकडे गेलं.

मी कोयता उचलला. तो पाच पावलांवर होता, एका हाताचा, आणि त्याने मान थोडी पुढे काढली होती, जणू म्हणत होता, ये. त्या क्षणी मला देव आठवला नाही, फादरही आठवले नाहीत. मला फक्त त्याचं प्लास्टर दिसलं, पांढरं, मळलेलं, आणि ते माझं काम आहे हे दिसलं. मी कोयता बावखलात भिरकावला. मग पोटरीला गमछा बांधला आणि उरलेली आळी भरली. तो मागून आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्या पिढ्या त्याच्याही होत्या, पण रागात कोणाला हिशेब राहतो. मीही प्रत्येक आळ्याला पाणी देताना त्याला एकेक शिवी देत होतो. दोनशे आळी, दोनशे शिव्या. हे माझं पहिल्या दिवसाचं प्रेम. नंतर पोटरीला सात टाके पडले.

गावात लगेच चर्चा. कोणी म्हणे, पोलिसांना घाबरला. कोणी म्हणे, वाडी गिळायचा बेत आहे. त्याचंही हेच मत होतं. दुसऱ्या वेळी दगड आला, कपाळावर. पुढच्या खेपेला त्याने खोपीला कुलूप घातलं, ते मी पहारीने तोडलं, आणि त्या बदल्यात त्याने डाव्या हाताने, दुसऱ्या कोणाचा तरी कोयता आणून, माझ्या नऊ पपया कमरेतून कापल्या. फळं लागलेली झाडं, चीक गळत होता. त्या दिवशी मी त्याच्या एका केळीला लाथ मारली. झाड हललं, पडलं नाही. मग माझं मलाच कळेना की मी हे पाणी देतोय ते या झाडांना की माझ्या हट्टाला.

बायकोने कपाळाला हळद लावताना विचारलं की एवढा मार खायचाच असेल तर निदान कशासाठी ते तरी सांग. मी सांगितलं. ती हसली नाही. तिने माझा राग पाहिलेला आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिच्यावर ताट फेकलं होतं, आणि तिने तेच ताट उचलून माझ्या डोक्यात घातलं होतं, त्यानंतर घरात पुन्हा कधी ताट उडालं नाही. ती एवढंच म्हणाली की या कामाला फादरने माणूस बरोबर निवडला.

एप्रिल संपत आला. ऊन असं की दुपारी माती हाताला चटके देई. एक पांढरी गाडी त्याच्या दाराशी यायला लागली होती. गाडीतला माणूस खाली उतरायचा, बूट चिखलाला लागू न देता बांधावर उभा राहायचा आणि वाडीकडे पाहत राहायचा. उमेळ्याकडे अशा गाड्या आल्या आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, हे आम्ही पाहिलं आहे. एक दिवस त्याची बायको कुंपणाशी आली आणि माझ्या बायकोजवळ रडली. तिच्या नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. हात असा, वय असं. या वर्षी राजेळी गेली तर पावसाआधी कागदावर सही करून मोकळा होणार. वाडी देणार आणि कुठेतरी वरच्या मजल्यावर जाऊन बसणार.

बायकोने हे मला सांगितलं ते मला दया यावी म्हणून. माझ्या डोक्यात भलतंच आलं. मला हात उचलायचीही गरज नव्हती. नुसतं दोन-चार पाळ्या घरी बसलो की झालं. केळी माना टाकतील, तो सही करेल, आणि बारा वर्षांचं दुखणं गाडीत बसून निघून जाईल. त्याच्याबरोबर अर्धं बावखलही मातीच्या भरावाखाली जाईल, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. रागात माणसाला आपल्या पायाखालचं पाणीही दिसत नाही.

मी घरी बसलो. एक विषम तारीख गेली, दुसरी गेली. बायकोला सांगितलं, पोटरी दुखते. तिने नुसतं पोटरीकडे पाहिलं. मधल्या माझ्या पाळीला मी माझी वाडी शिंपली तेव्हा बांधापलीकडे पाहिलंच नाही. पण वास येतो. तहानलेल्या केळीच्या पानाचा एक वास असतो, वाळत्या चटईसारखा.

तिसऱ्या विषम तारखेला, सकाळचे नऊ वाजले असतील, मला पलीकडून बादली आपटल्याचा आवाज आला. मी परसात गेलो. तो बावखलातून बादलीने पाणी वर आणत होता. मोटर होती, पण फावड्याने पाट वळवायला दोन हात लागतात, आणि पाट वळवला नाही तर सगळं पाणी पहिल्या दहा आळ्यांत जातं. म्हणून हा बाबा डाव्या हातात बादली घेऊन काठ चढत होता. प्लास्टरवर दुधाची रिकामी पिशवी चढवून सुतळीने बांधली होती. अर्धं पाणी सांडत होतं. एका केळीच्या आळ्यात उरलेलं ओतायचा, तिथेच गुडघे टेकून बसायचा, दम खायचा, पुन्हा उठायचा. मागे शंभर-दीडशे झाडं पानं मिटून उभी. काठावर तो घसरला आणि तोल सावरायला त्याने मोडक्या हातावरच भार टाकला. ओरडला नाही. नुसता तोंड उघडून राहिला.

मला कणव आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. असा राग की डोळ्यांपुढे लाल झालं. मी बांध ओलांडून धावलो आणि त्याची बादली हिसकावली. म्हटलं, गाढवा, प्लास्टर भिजलं तर जन्माचा लुळा होशील. त्याने बादली सोडली नाही. मी ओढली, त्याने ओढली. त्याने डोकं माझ्या तोंडावर आपटलं, ओठ फुटला. मी त्याला मिठीत पकडलं आणि आम्ही दोघेही आळ्यात कोसळलो. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये चिखलात लोळत होते. तो चावला, खांद्याला. मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी वर धरून ठेवला होता, चिखलाच्या वर, पाण्याच्या वर, आणि ओरडत होतो की हात वर ठेव, हात वर ठेव. तो दुसऱ्या हाताने माझ्या बरगड्यांत गुद्दे घालत होता आणि मी मार खात त्याचा हात वर धरून होतो. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. तिने कोणालाच सोडवलं नाही.

मग त्याचा जोर संपला. माझाही. मी उठलो, मोटर चालू केली आणि दुपारी दोनपर्यंत पाणी दिलं. तो पडवीत बसून राहिला. त्या दिवसापासून खोपीला कुलूप नव्हतं. दगडही आले नाहीत. बोलणं तर नव्हतंच.

मेच्या मध्याला प्लास्टर काढलं. आतून निघालेला हात बारीक, पांढुरका, साल काढलेल्या फांदीसारखा. मला सुटल्यासारखं झालं. मी रविवारी मिस्सा झाल्यावर फादरना गाठलं आणि म्हटलं, प्लास्टर निघालं.

"हात बरा झाला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते डॉक्टरला माहीत. फादर म्हणाले, मी तुम्हाला विचारतोय. मला उत्तर द्यावंच लागलं. नव्हता झाला. मी रोज पाहत होतो. त्याला मूठ आवळता येत नव्हती. डॉक्टरने त्याला एक मऊ चेंडू दिला होता, तो हातात घेऊन तो बांधावर बसायचा आणि माझ्याकडे बघत बघत दाबायचा. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. मी पाट वळवायचो, तो चेंडू दाबायचा. मला वाटायचं, हा माझ्या गळ्याचा सराव करतोय. आणि हे मला खरंच वाटायचं.

तरी त्या दोन आठवड्यांत काहीतरी वेगळं झालं, ते मला नीट सांगता येत नाही. एकदा वाऱ्याने एक केळ लोंगरासकट वाकली, तर मी माझ्या वाडीतला बांबू आणून तिला टेकू दिला. तो बांबू मी माझ्या झाडासाठी राखून ठेवला होता. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की टेकू देणं प्रायश्चित्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती, तरी मी आधी पलीकडे जाऊन तो टेकू तग धरून आहे का ते पाहिलं. मला स्वतःचीच चीड आली.

मेची एकतीस तारीख आली. बावखलाच्या सुट्टीचा दिवस. पाणी नव्हतंच द्यायचं, पण पाटात पालापाचोळा साठला होता, म्हणून मी तो काढायला गेलो. तो घरातून आला तो चालतच नव्हता, अंगावर आल्यासारखा आला. सकाळीच त्याच्या बायकोने त्याला सांगितलं होतं, जे तिला माझ्या बायकोने सांगितलं होतं.

"कुमसारात सांगितलं म्हनून आलास?" तो म्हणाला. भांडणातले चार शब्द सोडले तर बारा वर्षांनंतरचं आमचं पहिलं संभाषण. "दोन महिने माज्या वाडीत तू तुज्या पापाची भांडी घासतोस? मी काय तुजी मोरी हाय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या लक्षात आलं की मी त्याची वाडी बळकवतोय असं वाटत होतं तोवर त्याला चाललं होतं. भीतीने येतो असं वाटलं तेही चाललं असतं. मधेच केव्हातरी त्याला वाटायला लागलं असणार की मी त्याच्यासाठी येतो. आणि आता ते गेलं. कोयत्याने मला लागलं नव्हतं इतकं हे लागलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "सुरुवातीला फादरने सांगितलं म्हणून."

"मग?"

"मग केळी."

"केळी काय?"

"चांगली आलीत," मी म्हटलं. "मरू द्यावीशी वाटेनात. तूही."

त्याने मला थोबाडीत मारली. उजव्या हाताने. पूर्ण पंजा, कानापासून हनुवटीपर्यंत, अशी की माझी एक दाढ हलली आणि मी पाटाच्या कडेला बसलो. कानात शिटी वाजत होती. माझा हात आपोआप फावड्याकडे गेला, बापाचा हात, त्याच्या बापाचाही हात, आणि दांड्यावर घट्ट बसला. दुसरा गाल पुढे केला असं म्हणावं तर तेही खरं नाही. मी नुसता बसून राहिलो आणि त्याच्या हाताकडे बघत राहिलो. बोटं मिटली होती. पाचही. अंगठा वरून बसला होता.

"हात बरा झाला तुझा," मी म्हटलं.

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तो माझ्यापासून दोन हातांवर, पाटाच्या दुसऱ्या कडेला बसला. आम्ही दोघेही बावखलाकडे तोंड करून बसलो होतो.  माझ्या तोंडात रक्त आलं होतं, ते मी मातीत थुंकलो.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. सवयीने मला जाग आली, चहा न घेताच मी बांधावर गेलो आणि तिथेच थांबलो. त्याची मोटर चालू होती. तो तिसऱ्या रांगेत उभा राहून पाट वळवत होता, उजव्या हाताने, हळूहळू, फावडं दोनदा हातातून निसटलं आणि दोन्ही वेळा त्याने ते उचललं. माझं काम संपलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं, इतकं वाईट की मी बांध ओलांडायला पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

त्याने मला पाहिलं होतं. पाठ फिरवूनच म्हणाला, "टेकवाचा बांबू ढिला झालाय. येऊन बघ."

मी बांध ओलांडला.